टर्बो गाडीच्या बॉनेटखालची उष्णता आणि एक्झॉस्टवरचा लेप
(उष्णता संक्रमण : इयत्ता सातवी ते दहावीसाठी पूरक पाठ)



उष्णता संक्रमणाचे तीन प्रकार मुलांना तोंडपाठ असतात : वहन, अभिसरण आणि प्रारण. वहनाला गरम भाजीतला चमचा, अभिसरणाला पातेल्यातलं पाणी आणि प्रारणाला सूर्य, ही उदाहरणंही ठरलेली. उदाहरणं बरोबरच आहेत. पण त्यामुळे मुलांचा असा समज होतो की एका ठिकाणी एकच प्रकार चालतो. प्रत्यक्षात तिन्ही वाटा एकाच जागी, एकाच वेळी उघड्या असतात. उष्णता अडवायची असेल तर त्यातली कुठली वाट मोठी आहे हे आधी ओळखावं लागतं. चुकीची वाट बुजवली तर पैसे जातात आणि उष्णता जिथल्या तिथे राहते.

हे शिकवायला मोटारगाडीच्या बॉनेटइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. त्यातही टर्बो गाडी. आठवी-नववीच्या मुलांना, आणि आता मुलींनाही, या विषयाचं भारी वेड असतं. "सर, एक्झॉस्टला सिरॅमिक कोटिंग केलं की इंजिन थंड राहतं का?" असे प्रश्न व्हिडिओ पाहून वर्गात येतात. या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही. म्हणूनच तो शिकवण्यासारखा आहे. शिवाय यात मुलांच्या आणि कुटुंबाच्या सुरक्षिततेच्या काही गोष्टी आहेत, त्या पालकांनी शेवटपर्यंत वाचाव्यात.

१. टर्बो म्हणजे काय?

इंजिनात इंधन जळतं तेव्हा त्यातली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ हिशेब असा सांगता येईल की साधारण एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, एक तृतीयांशाच्या आसपास कुलंट आणि रेडिएटरमार्गे जाते आणि उरलेली जवळजवळ तेवढीच गरम वायूंबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर पडते. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमधले तीसेक रुपये आपण नुसते धुराड्यातून सोडतो!

या वाया जाणाऱ्या वायूंकडून काम करून घ्यावं अशी कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली आणि १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. एक्झॉस्टच्या वाटेत एक छोटं पंख्यासारखं चक्र ठेवायचं. वायू त्याला फिरवतील. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलेल. हवा जास्त म्हणजे जास्त इंधन जळेल, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतकी ताकद देईल. हाच टर्बोचार्जर. लहान गाडीतला टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो.

१९६२ मध्ये अमेरिकेत टर्बो बसवलेल्या पहिल्या प्रवासी गाड्या विक्रीला आल्या. १९७७ मध्ये रेनॉ कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बो गाडी उतरवली. पिवळ्या रंगाची ती गाडी सुरुवातीला इतक्यांदा धूर सोडत बंद पडायची की तिचं नाव "पिवळी किटली" पडलं. उष्णता आवरणं हा टर्बोचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे, हे या टोपणनावातच आलं.

आज आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्यांत टर्बो असतो, आणि एक लिटरच्या आसपासच्या छोट्या पेट्रोल गाड्यांतही तो सर्रास येऊ लागला आहे. म्हणजे हा विषय शर्यतीच्या गाड्यांपुरता नाही, आपल्या दारातल्या गाडीचा आहे.

२. बॉनेटखाली इतकी उष्णता का?

याची कारणं मुलांकडून फळ्यावर काढून घ्या. साधारण चार निघतील.

• पेट्रोल टर्बो इंजिनावर पूर्ण भार असताना एक्झॉस्ट वायूंचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं. डिझेलमध्ये ते त्याहून कमी असतं. टर्बोचं ओतीव लोखंडाचं घर अशा वेळी लालसरही दिसतं.

• साध्या गाडीत हे वायू चटकन पाइपातून मागे निघून जातात. टर्बो गाडीत त्यांना आधी टर्बोच्या घरातून वळसा घ्यावा लागतो. म्हणजे सर्वांत गरम भाग बॉनेटच्या आतच राहतो.

• हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम लागतो, तेच इथे होतं. ४० अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली तर आदर्श स्थितीतही ती १०८ अंशांच्या आसपास पोहोचते. प्रत्यक्षात त्याहून जास्त. ती थंड करायला इंटरकूलर लागतो.

• हल्ली बॉनेटखालची जागा फार दाटीची झाली आहे. वारा खेळायला वाव कमी.

आता यात विदर्भातला मे महिना मिळवा. बाहेरच ४५ अंश. गाडीत पाच माणसं, टपावर सामान, एसी चालू आणि समोर खंबाटकी किंवा कसारा घाट. चढावर इंजिनावर भार जास्त आणि वेग कमी, म्हणजे समोरून येणारा वाराही कमी. उष्णता तयार होण्याचं प्रमाण वाढलं आणि बाहेर जाण्याचं घटलं. घाटाच्या माथ्यावर गाड्या बाजूला घेऊन उभ्या दिसतात, त्याचं कारण हेच.

३. उष्णतेने बिघडतं काय?

"गरम झालं तर झालं, लोखंडच आहे ना?" असं मुलं म्हणतात. लोखंडाला फारसं काही होत नाही, त्याच्या शेजाऱ्यांना होतं.

वायरींवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. रबरी पाइप ठिसूळ होतात. बॅटरीचं आयुष्य कमी होतं. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं असा एक ठोकताळा आहे. इंजिनात जाणारी हवा गरम झाली की ती विरळ होते. ३० ऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तेवढ्याच जागेत साधारण ९ टक्के हवा कमी मावते, म्हणजे ज्यासाठी टर्बो लावला त्यावरच पाणी.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट : आग. पेट्रोल साधारण २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान ठिणगीशिवाय आपोआप पेट घेऊ शकतं. डिझेलसाठी हे तापमान सहसा पेट्रोलपेक्षाही कमी असतं, याचं मुलांना हमखास आश्चर्य वाटतं. उघड्यावरच्या गरम पृष्ठभागावर वाफ उडून जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त तापमान लागतं. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ६००-७०० अंशांवर असेल तर तिथे गळणारा तेलाचा किंवा इंधनाचा पाइप म्हणजे सरळ धोकाच.

४. उष्णता कोणत्या वाटेने पसरते?

• वहन : तापलेल्या मॅनिफोल्डला जोडलेल्या बोल्ट, पट्ट्या आणि इंजिनाच्या धातूतून.
• अभिसरण : मॅनिफोल्डभोवतीची हवा तापते, वर जाते आणि बॉनेटखाली कोंडते.
• प्रारण : तापलेल्या पृष्ठभागातून अवरक्त किरण सरळ रेषेत निघतात आणि समोर येईल त्या वस्तूला तापवतात. याला हवेचीसुद्धा गरज नाही.

कमी तापमानाला अभिसरण मोठं असतं. पण तापमान वाढत गेलं की प्रारण बाकी दोघांना मागे टाकतं. का?

१८७९ मध्ये योसेफ स्टेफान यांनी दाखवलं की तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारं प्रारण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. पुढे १८८४ मध्ये लुडविग बोल्ट्झमान यांनी त्याला सैद्धांतिक आधार दिला. सूत्र असं :

दर चौरस मीटरमागे प्रारण = उत्सर्जकता × ५.६७ × १०⁻⁸ × (केल्विनमधलं तापमान)⁴

उत्सर्जकता म्हणजे पृष्ठभाग किती सढळ हाताने प्रारण सोडतो याचं माप, ० ते १ मधलं. काजळी धरलेल्या किंवा गंजलेल्या पृष्ठभागाची ०.८ च्या पुढे, चकचकीत ॲल्युमिनियमची ०.१ किंवा त्याहून कमी.

आता आकडे घालू. मॅनिफोल्ड आणि टर्बोचा पृष्ठभाग मिळून ०.१ चौरस मीटर धरू (वहीच्या दोन पानांपेक्षा थोडा मोठा). तापमान ६०० अंश सेल्सिअस, म्हणजे ८७३ केल्विन. उत्सर्जकता ०.८. उत्तर येतं साधारण २,६०० वॅट. घरातला २,००० वॅटचा हीटर आठवा. त्याहून मोठा हीटर बॉनेटखाली बंदिस्त जागेत चालू आहे!

५. लेप म्हणजे नेमकं काय?

सिरॅमिक कोटिंग म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या पदार्थांचा बारीक लेप. त्यात उष्णता सहन करणारी खनिजं, धातूंची ऑक्साइडं, काही प्रकारांत ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक असतो. लावण्याची पद्धत साधारण अशी :

१) मॅनिफोल्ड किंवा पाइप गाडीतून काढून तेल, ग्रीस पूर्ण साफ करतात.
२) बारीक कणांचा मारा करून गंज काढतात आणि पृष्ठभाग खरखरीत करतात, म्हणजे लेप धरून राहतो.
३) फवारणीने पातळ थर देतात. जाडी मिलिमीटरच्या काही शतांश इतकीच.
४) भट्टीत ठरावीक तापमानाला भाजून लेप पक्का करतात.

पृष्ठभाग नीट साफ झाला नाही तर लेपाचे पोपडे निघतात. भिंतीचं पोपडं सुटलेलं प्लॅस्टर न खरवडता रंग दिला तर काय होतं, तेच.

६. पातळ लेप उष्णता "अडवतो" का? चला, गणित करू

जाहिरातीत सांगतात, "सिरॅमिक उष्णतेचं दुर्वाहक आहे, म्हणून ते उष्णता आत कोंडून ठेवतं." वाक्याचा पहिला भाग खरा आहे. पण जाडीचं काय?

वहनाला होणारा विरोध = जाडी ÷ उष्णता वाहकता.

लेप : जाडी ०.०५ मिमी, म्हणजे ०.००००५ मीटर. वाहकता १ धरू. विरोध = ०.००००५.

एक्झॉस्टला गुंडाळायची काचतंतूची पट्टी : जाडी २ मिमी, म्हणजे ०.००२ मीटर. तंतूंमध्ये हवा अडकलेली असल्याने वाहकता ०.१ च्या आसपास धरू. विरोध = ०.०२.

दोन्हींत फरक किती? ४०० पट!

आणखी एक हिशेब. पृष्ठभागातून दर चौरस मीटरला ३०,००० वॅट उष्णता बाहेर पडत असेल, तर या लेपाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूतल्या तापमानात फरक पडेल ३०,००० × ०.००००५ = १.५ अंश. फक्त दीड अंश.

आपल्या आज्या चुलीवर भांडं चढवण्याआधी बुडाला बाहेरून माती-राखेचा लेप देत. काजळी मातीवर बसे आणि भांडं घासायला सोपं जाई. त्या लेपामुळे भात कच्चा राहिला का? नाही! पातळ थर, मग तो मातीचा का असेना, वहनाला फारसा अडवत नाही. दुर्वाहक असणं पुरत नाही, जाडी पण लागते. मुलांना हे वाक्य वहीत चौकटीत लिहायला सांगा.

७. मग लेपाचा उपयोग तरी काय?

उपयोग आहे, पण तो दुसऱ्या वाटेवर. ती वाट म्हणजे प्रारण.

मोकळं लोखंड किंवा पोलाद तापून ऑक्साइडचा काळपट थर धरतं आणि त्याची उत्सर्जकता ०.८ च्या घरात जाते. लेपाची उत्सर्जकता ०.४ असेल, तर त्याच तापमानाला प्रारण २,६०० वरून १,३०० वॅटवर येतं. प्रत्यक्षात फायदा एवढा पूर्ण मिळत नाही. उष्णता कमी बाहेर पडल्यामुळे धातू आधीपेक्षा थोडा जास्त तापतो आणि त्यामुळे प्रारण थोडं पुन्हा वाढतं. तरी निव्वळ घट राहतेच.

इथे थर्मास आठवून द्या. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर यांनी तो बनवला. त्याच्या काचेवरचा चांदीसारखा मुलामा कागदाहून कितीतरी पातळ असतो, तरी तो प्रारण अडवतो. कारण प्रारणासाठी जाडी महत्त्वाची नाही, पृष्ठभाग महत्त्वाचा. एक्झॉस्टवरचा लेप गोधडीसारखा काम करत नाही, थर्मासच्या मुलाम्यासारखा करतो.

आणखी दोन फायदे आहेत. लेपामुळे धातू गंजत नाही. आणि वायूंची उष्णता पाइपात जास्त टिकली तर टर्बोच्या चक्राला थोडी जास्त ऊर्जा मिळते आणि पुढे प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर कामाला लागतो. त्याला नीट काम करायला साधारण २५० ते ३०० अंश तापमान लागतं.

८. रंगावर जाऊ नका

"पांढरा लेप म्हणजे उष्णता कमी, काळा म्हणजे जास्त" असं बहुतेकांना वाटतं. उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाबतीत ते ठीक आहे, कारण सूर्याची बरीचशी ऊर्जा दृश्य प्रकाशात असते. पण ६०० अंशांच्या धातूचं जवळजवळ सगळं प्रारण अवरक्त असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि अवरक्त किरणांत पांढरा रंग "पांढरा" असेलच असं नाही.

जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये हे सुंदर रीतीने दाखवलं. धातूच्या चौकोनी डब्यात गरम पाणी भरलं. डब्याच्या बाजू वेगवेगळ्या, एक चकचकीत, एक काजळी लावलेली वगैरे. आतलं पाणी तेच, तापमान तेच, पण चकचकीत बाजूकडून प्रारण सर्वांत कमी आलं. आजही हा "लेस्लीचा घन" प्रयोगशाळांमध्ये दाखवतात. पांढरा रंग दिलेली बाजू जवळजवळ काळ्या बाजूइतकंच प्रारण सोडते, हे पाहून मुलं चाट पडतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की काही लेप मुद्दाम जास्त उष्णता सोडण्यासाठीच बनवलेले असतात. इंटरकूलरसाठी ते उपयोगी, पण मॅनिफोल्डवर लावले तर परिणाम उलटा. लेप कशासाठी आहे आणि किती तापमान सोसतो, हे बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात वाचावं. दिसायला छान काळाभोर आहे म्हणून लावू नये.

९. लेप, पट्टी आणि ढाल : तुलना

लेप : दिसायला नीटनेटका, टिकाऊ, ओलावा धरत नाही. प्रारण कमी करतो. वहनाला अडथळा नगण्य. खर्चिक, आणि भाग काढून बसवायची मजुरी वेगळी.

गुंडाळायची पट्टी : उष्णता अडवण्यात लेपापेक्षा खूप पुढे. पण आतला धातू जास्त तापतो, ओलावा अडकून गंज धरतो आणि जुन्या पाइपाला तडे जाऊ शकतात. पट्टीत तेल किंवा डिझेल मुरलं तर ती दिव्याच्या वातीसारखी पेटू शकते. आपल्या पावसाळ्यात जपून.

पत्र्याची ढाल, म्हणजे हीट शील्ड : गरम भाग आणि शेजारी यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवून बसवलेला पातळ पत्रा. दोन पृष्ठभागांमध्ये तशाच उत्सर्जकतेचा एक पत्रा उभा केला तर प्रारणाने जाणारी उष्णता निम्मी होते. पत्रा चकचकीत असेल तर आणखी खूप कमी. स्वस्त आणि परिणामकारक. बहुतेक गाड्यांना ती कंपनीतूनच बसवलेली येते.

आता पालकांनी इथे थांबावं. ही ढाल काही वर्षांनी सैल होते आणि खडखड वाजते. मग कुणीतरी सल्ला देतं, "काढून टाका हो, काही फरक पडत नाही." फरक पडतो! तो पत्रा म्हणजे तापलेला एक्झॉस्ट आणि वायरी, इंधनाचे पाइप, गाडीचं तळ यांच्यामधली भिंत आहे. खडखड वाजत असेल तर बोल्ट आवळून किंवा क्लिप बदलून घ्या, तुटली असेल तर नवी बसवा. हजारोंच्या कोटिंगचा विचार करण्याआधी गाडीच्या सगळ्या ढाली जागेवर आहेत का, हे पाहणं शहाणपणाचं.

१०. जेट विमानात हाच लेप इतका उपयोगी कसा?

हुशार मुलं हा प्रश्न विचारतातच. जेट इंजिनाच्या पात्यांवर झिर्कोनियाचा लेप असतो आणि तो पात्यांना खरोखर वाचवतो. दोन कारणं आहेत. एक, पात्यांच्या आतून सतत थंड हवा खेळवलेली असते. दोन, तिथून वाहणारी उष्णता गाडीच्या एक्झॉस्टपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, आणि लेपही जाड असतो. उष्णतेचा प्रवाह जितका मोठा तितका लेपाच्या दोन बाजूंमधला फरक मोठा. गाडीतला दीड अंश तिथे शंभराच्या पुढे जातो. तत्त्व तेच, परिस्थिती वेगळी. "विमानात वापरतात" एवढ्यावर "माझ्या गाडीतही तेवढंच चालेल" असं म्हणता येत नाही.

११. वर्गात करायचा प्रयोग

साहित्य : एकसारखे चार स्टीलचे पेले, चार पुठ्ठ्याची झाकणं, तापमापी, साधारण ७० अंशांचं पाणी, काजळी, ॲल्युमिनियम फॉइल, लोकरी कापड.

कृती :
• पहिला पेला घासून चकचकीत ठेवा.
• दुसऱ्याला बाहेरून काजळी धरा.
• तिसऱ्याला काजळी धरून वर लोकरी कापडाचे दोन वेढे द्या.
• चौथ्याला काजळी धरून भोवती बोटभर अंतरावर फॉइलचं नळकांडं उभं करा.
• सगळ्यांत सारखंच गरम पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावं, झाकणं लावावीत आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावं.

अर्ध्या तासाने आलेख काढा. काजळीचा उघडा पेला सर्वांत लवकर निवतो. चकचकीत पेला म्हणजे आपला लेप, कापड म्हणजे पट्टी आणि फॉइल म्हणजे ढाल. कुठल्याचा क्रमांक कितवा येतो, हे मुलांना आधी अंदाजाने लिहायला लावा आणि मग पडताळू द्या. मुलांना एक गोष्ट नक्की विचारा : ७० अंशांना दिसलेला क्रम ६०० अंशांनाही तसाच राहील का? (चौथा घात आठवा. तापमान वाढलं की प्रारण अडवणाऱ्या उपायांचं महत्त्व वाढतं.)

घरी करायचा सोपा प्रयोग : मोठ्या माणसाने गरम इस्त्री उभी ठेवून बंद करावी. एक हात अंतरावरून मुलाने गालावर ऊब अनुभवावी. मग मध्ये फॉइल लावलेला पुठ्ठा धरावा. ऊब लगेच थांबते. हवा तर अजून तितकीच गरम आहे, मग थांबलं काय? प्रारण!

१२. पालकांसाठी सुरक्षिततेच्या गोष्टी

• घाट चढून किंवा लांबचा भरधाव प्रवास करून आल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट इंजिन सावकाश चालू ठेवा. एकदम बंद केलं तर टर्बोतून तेल वाहायचं थांबतं आणि आत अडकलेलं तेल करपून त्याचा कोळसा होतो. काही नव्या गाड्यांत यासाठी वेगळी सोय असते. गाडीचं माहितीपुस्तक पाहा.
• इंजिन बंद केल्यावर काही वेळ बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं, कारण पंखा आणि पाणी थांबलेलं असतं. त्या वेळात मुलांना तिथे हात घालू देऊ नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.
• वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करू नका. खालून एक्झॉस्ट तापलेला असतो.
• बॉनेटखाली फडकं विसरलं नाही ना, उंदरांनी घर केलं नाही ना, तेल गळत नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहा.
• जळका वास किंवा धूर आला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि ११२ ला फोन करा. बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते.
• मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका लहान मुलांच्या पोटरीला हमखास बसतो. चटका बसला तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. फोड मोठा असेल तर डॉक्टर.
• कोटिंग करताना "कॅट काढून टाकू, गाडी पळेल" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्रदूषणाचे नियम मोडतात, आणि वॉरंटी व विम्याचे प्रश्न उभे राहतात ते वेगळेच.

१३. आणि जी मुलं गॅरेजमध्ये जातात त्यांच्यासाठी

आपल्या वर्गात अशी मुलं असतात जी दहावीनंतर आयटीआयला किंवा थेट एखाद्या गॅरेजमध्ये जाणार असतात. त्यांच्यासाठी हा पाठ उद्याची रोजीरोटी आहे. त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा.

गंज काढण्यासाठी वाळूचा मारा करतात तेव्हा उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. नाकाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. योग्य मास्क, बंदिस्त पेटी आणि वाळूऐवजी सुरक्षित कण लागतात. जुन्या गाड्यांच्या एक्झॉस्टवरची जुनी गुंडाळी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी फाडू नये.

आणि दुसरं : गिऱ्हाईक विचारेल, "कोटिंगने किती फरक पडेल?" तेव्हा जो मुलगा किंवा मुलगी आधी ढाल तपासेल, गळती शोधेल आणि मग लेपाचं बोलेल, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसेल.

१४. स्वाध्याय

१) पृष्ठभागाचं तापमान ५०० वरून ४०० अंश सेल्सिअसवर आलं तर प्रारण किती टक्क्यांनी घटेल? (सेल्सिअसचं केल्विन करायला विसरू नका. उत्तर : सुमारे ४३ टक्के.)
२) लेप दुप्पट जाड केला तर वहनाचा विरोध किती होईल? त्याने व्यवहारात फरक पडेल का? कारण लिहा.
३) चकचकीत ॲल्युमिनियमची ढाल चिखलाने आणि तेलाने माखली तर तिच्या उत्सर्जकतेचं काय होईल?
४) तुमच्या घरातली अशी तीन उदाहरणं शोधा जिथे उष्णता अडवली आहे. प्रत्येकात कोणती वाट बंद केली आहे ते लिहा.
५) घरच्या मोठ्यांबरोबर थंड गाडीचं बॉनेट उघडा. पत्र्याची ढाल कुठे आहे ती ओळखा आणि चित्र काढा.

चौथ्या प्रश्नात मुलं काय काय शोधून आणतात ते पाहाच. गोधडी, पत्र्याखालचं छत, कुकरची मूठ, टिफिनची पिशवी... प्रत्येक वेळी एकच विचारा : "इथे कोणती वाट बुजवली?" हा प्रश्न ज्याला विचारता आला, त्याला उष्णता कळली असं खुशाल समजा.